आंधळ्या वाघाचे वाचक

मुलांनो, जरा माझ्याबरोबर चला. कल्पना करा, तुमच्या पोटात एक गोष्ट आहे. ताजी, अजून कुणालाच न सांगितलेली. तुम्हाला कुणीतरी एका मोठ्या दारापाशी नेतं. दारावरचा माणूस म्हणतो, "आत हजारो लोक बसलेत, तुझीच वाट बघतायत." तुम्ही पाऊल टाकता, तर तो हात आडवा धरतो. "तिकीट?"

तुम्ही म्हणता, "पण गोष्ट तर मी सांगणार आहे."

तो म्हणतो, "म्हणूनच."

तुम्ही तिकीट काढता. आत मिट्ट काळोख. तुम्ही सांगायला लागता आणि काळोखातून आवाज येतात. वा! अप्रतिम! निःशब्द! जो निःशब्द झाला तो ओरडला कसा, असं तुमच्या मनात येतं, पण क्षणभरच. कारण आवाज येतच राहतात, आणि तुम्हाला फार बरं वाटतं.

अशा ठिकाणी उभी राहिलेली एक मुलगी मी पाहिली आहे. तिचं नाव मनवा हसबे. ती तेव्हा सहावीत होती.

आमचं गाव आजऱ्याच्या बाजूचं. शाळेतून निवृत्त झाल्यावर रविवारी सकाळी मला घरात बसवेना, म्हणून मी बाजारकट्ट्यावर मुलांना गोळा करू लागले. आमचा बाजार शुक्रवारी भरतो. रविवारी सिमेंटचे कट्टे रिकामे असतात. फार तर एखादं झोपलेलं कुत्रं आणि कुणीतरी टाकून दिलेली कोथिंबिरीची जुडी. तिथं आम्ही गोष्टी सांगायचो. मी कमी, मुलं जास्त.

रीत जुनीच होती. एकानं गोष्ट सांगायची आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानं दर वाक्याला "हूं" म्हणायचं. हुंकार थांबला की सांगणाऱ्यानं थांबायचं. आणि हुंकार देणाऱ्याचं लक्ष नाही असं वाटलं, तर सांगणाऱ्यानं गुपचूप मध्येच एक अशक्य गोष्ट घुसडायची. त्यालाही "हूं" आलं, की पकडलाच.

त्या रविवारी मनवा सांगत होती आणि इम्तियाज हुंकार देत होता. इम्तियाज तिच्याच वर्गातला. सायकल दुरुस्तीवाल्या शौकतभाईंचा मुलगा. त्याचा एक डोळा कुत्र्यावर होता.

"शेळी म्हणाली, वाघदादा, उजवीकडं खड्डा हाय, डावीकडं वळा."

"हूं."

"आंधळा वाघ डावीकडं वळला."

"हूं."

"त्यानं एक हत्ती उचलला आणि खिशात घातला."

"हूं."

कट्टा हसून हसून लोळला. इम्तियाज लाल झाला. "ए, वाघाला खिसा कुठला?"

"आता विचारतोयस व्हय?"

चिडलेल्या इम्तियाजनं त्यानंतर असं ऐकलं, की एखादा फौजदार जबानी ऐकत असावा. "थांब. वाघ आंधळा झालाच कसा?"

"ते पुढं येतं."

"तुला म्हाईतच न्हाई."

"म्हाईत हाय!"

तिला माहीत नव्हतं. थाप मारली की तिचे कान लाल व्हायचे, आणि आत्ता ते झाले होते. मला मात्र फार आनंद झाला, कारण आता तिला ते शोधावं लागणार होतं. आंधळा वाघ आणि त्याला वाट दाखवणारी शेळी. वाघाला भूक लागेल तेव्हा काय होईल? हा प्रश्न त्या गोष्टीच्या पोटात पहिल्या वाक्यापासून गुरगुरत होता, आणि तो तिनं कुणाकडून शिकलेला नव्हता.

मग तिच्या वडिलांना 'अक्षरझेप' सापडलं.

दिगंबर हसबे यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटरी सोडवायच्या, तांब्याची तार पुन्हा गुंडाळायची, वॉर्निश लावून वाळवायच्या. माणूस सरळ, हाताला कसब, आणि मुलीवर जीव. एक दिवस ते फोन घेऊनच माझ्या दारात आले.

"बाई, बघा की! मनीची गोष्ट हितं चढवली. आंधळा वाघ, भाग पहिला. लेखिका, कुमारी मनवा दिगंबर हसबे. माझंबी नाव आलंय त्यात."

"छान. कुणी छापलं?"

"छापायचं न्हाई बाई, हे ऑनलाइन. आपणच लिहायचं, आपणच चढवायचं. जगात कुठंबी वाचतात लोक. आमच्या घराण्यात नाव छापून आलं ते फक्त लग्नपत्रिकेत. तेबी खाली, आपले विनम्रमध्ये."

मी हसले. त्यांच्या आनंदात खोट काढण्यासारखं तेव्हा काही नव्हतं. पहिले भाग फुकट होते.

पुढचं मला हळूहळू कळत गेलं. थोड्याच दिवसांत 'अक्षरझेप'नं कळवलं, की आपली कथा वाचकांना दिसावी असं वाटत असेल तर रौप्य सभासद व्हा. म्हणजे आतापर्यंत ती कुणाला दिसत नव्हती की काय, हे त्यांनी कळवलं नाही. हसबे रौप्य झाले. मग कळलं, की रौप्य कथा दिसते, पण सुवर्णच्या खाली. हसबे सुवर्ण झाले. सुवर्ण लेखकाच्या नावापुढं एक पिवळं मोरपीस येत असे. मोरपीस खरं कधी पिवळं असतं का, असला प्रश्न त्या कारखान्यात कुणाला पडला नसावा.

आणि एक नियम असा होता, की वर्गणी थांबली की कथा 'विश्रांती कक्षा'त जाते. म्हणजे ती वाचकाला दिसत नाही आणि लिहिणाऱ्यालाही दिसत नाही. काढून घेता येत नाही, उतरवून घेता येत नाही. पैसे भरले की जागी होते. मनवा सगळं थेट वडिलांच्या फोनवरच लिहीत होती, त्यांच्याच चौकटीत. कागदावर एक ओळ नव्हती. मी आयुष्यभर भाडेकरू पाहिले, घरमालक पाहिले. पण भाडं थकलं म्हणून भाडेकरूचं पोर ठेवून घेणारा घरमालक मला तिथंच पहिल्यांदा भेटला.

मनवा रविवारी यायची बंद झाली.

"ती आता सुवर्ण झालीया," इम्तियाज म्हणाला. "आपुन भंगार."

मी एका संध्याकाळी दुकानात गेले. हसबे एका पाणबुडी मोटरीत मान घालून बसले होते. मनवा स्टुलावर, फोन हातात, अंगठा भराभर चालत होता.

"येत नाहीस गं?"

"बाई, इथं लई काम असतं." तिनं फोन माझ्यापुढं धरला. "बघा ना किती अभिप्राय! सहाव्या भागाला तर रांग लागली."

मी चष्मा लावून वाचू लागले. अप्रतिम. सुंदर लेखन ताई. काळजाला भिडलं. निःशब्द. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. खूपच छान मांडणी, माझी 'मिठीतला करार' ही कथामालिका वाचून आपला बहुमोल अभिप्राय द्यावा. अप्रतिम. निःशब्द.

"ही मिठीतला करार वाचलीस?"

"थोडी. एक उद्योगपती असतो, तो एका गरीब मुलीशी सहा महिन्यांसाठी लग्न करतो. सगळ्यांचं तेच असतंय."

"मग अभिप्राय काय दिलास?"

"अप्रतिम." तिनं फोन माझ्याकडून परत घेतला. "द्यावाच लागतो बाई. त्यांनी आपल्याला दिला की आपण त्यांना द्यायचा. नाहीतर पुढच्या भागाला ते देत न्हाईत."

"सगळ्या कथा वाचून देतेस?"

"सगळ्या वाचायला कुठं वेळ…"

वाक्य तिथंच राहिलं. अंगठाही थांबला. फळ्यापाशी उभं राहून मी इतकी वर्षं एकच गोष्ट शिकले, की मुलाचं बोट बरोबर आकड्यावर आलं की मास्तरानं तोंड उघडायचं नसतं. मी मोटरीकडं बघत बसले.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "बाई, वाघ आंधळा कसा झाला, हे अजून एकानंबी विचारलं न्हाई."

"पुढं येईल म्हणून थांबले असतील."

"इम्तियाज थांबला होता का?"

तेवढ्यात फोन वाजला. हसब्यांनी हात पुसून स्पीकर लावला. अक्षरझेपचे निनाद सर. यांचा हुद्दा 'लेखक यश मार्गदर्शक' असा होता. आवाज असा, की जणू मधाच्या बरणीत तोंड घालून बोलतोय.

"हसबे साहेब, अभिनंदन! मनवा मॅडमचा ग्राफ जबरदस्त आहे. गडहिंग्लजला आपला लेखक मेळावा आहे, तिथं आपण त्यांना हीरक करतोय."

"म्हंजे सुवर्णच्या वर?"

"सगळ्यांच्या वर! दोन वर्षांचा प्लॅन, स्टेजवरच ॲक्टिव्हेट करू, फोटो वगैरे. आणि हीरकला संपादकीय सहाय्य मोफत. आमची टीम कथा ट्रेंडनुसार बसवून देते. आता बघा, तो जो तुमचा… नायक आहे…"

"वाघ," मनवा म्हणाली.

"हां, वाघ. त्याला आपण उद्योगपती करू. आंधळा उद्योगपती. डॅशिंग. आणि ती दुसरी…"

"शेळी."

"शेफाली! गरीब, पण स्वाभिमानी. तो तिच्याशी करार करतो. बघा, कथा तीच राहते."

हसबे भारावून माझ्याकडं बघत होते. "बघा बाई, किती खोल विचार करतात."

मी म्हटलं, "मला वाटतं त्यांनी शेळी पाहिलेली नाही."

फोन ठेवल्यावर ते पुन्हा मोटरीकडं वळले, पण गुणगुणत. दोन वर्षांची वर्गणी म्हणजे त्यांच्या दुकानातल्या कितीतरी मोटरी. पण ते मनातच धरत नव्हते. मुलीचं नाव स्टेजवर पुकारलं जाणार होतं.

मला सोडायला मनवा कोपऱ्यापर्यंत आली. "बाई, बाबांना लई हौस हाय. मी न्हाई म्हटलं तर त्यांचं तोंड उतरेल. आणि वर्गणी न्हाई भरली तर माझा वाघ त्या कक्षात जाईल, तोबी मिळायचा न्हाई."

"तुला काय वाटतं?"

ती चपलेनं माती उकरत राहिली. "खरंच वाचणारा एक जण जरी असंल ना त्यात, एकच, तर मी हीरक होईन. मग वाघाला उद्योगपती करू देत. एकासाठी चालंल."

"आणि कळणार कसं?"

"ते बघते मी." जाताना ती वळून म्हणाली, "सातवा भाग टाकायचा राहिलाय अजून. मेळाव्याला तुम्ही या. इम्तियाजलाबी आणा. त्यो आल्याबिगर मजा न्हाई."

मेळावा गडहिंग्लजच्या एका मंगल कार्यालयात होता. आम्ही हसब्यांच्या व्हॅनमधून गेलो. गाडीला वॉर्निशचा वास, सीटखाली तारेची रिळं, आणि पुढं हसबे लग्नातल्या शर्टात. कार्यालयात खुर्च्यांना चकचकीत कापडं, स्टेजवर फलक: लिहित्या हातांचा महासोहळा. दारातच पुठ्ठ्याची एक मोठी चौकट होती. तिच्यात तोंड घालून फोटो काढायचा, म्हणजे आपण पुस्तकाच्या मुखपृष्ठावर आहोत असं दिसे. पुस्तक अर्थातच नव्हतं. चौकटच होती. पण रांग मात्र लांब होती.

माझ्या शेजारी गुलाबी साडीतल्या एक बाई येऊन बसल्या. छान हसल्या. "तुमची कोणती?"

"काय कोणती?"

"कथामालिका."

"माझी नाही. मी ऐकायला आलेय."

त्यांना खरोखरच कळेना. "मग आलात कशाला?"

मी सभागृहात नजर फिरवली तेव्हा उलगडलं. तिथं वाचक कुणी नव्हताच. सगळे लिहिणारे होते. प्रत्येकानं वर्गणी भरलेली, प्रत्येकाच्या छातीवर रौप्य नाहीतर सुवर्ण बिल्ला, प्रत्येकजण दुसऱ्याला आपली कथा पाठवत होता आणि दुसऱ्याची न उघडता अप्रतिम म्हणत होता. ज्या भाकऱ्या कुणी खाणार नाही त्या थापायला सगळे चुलीचं भाडं भरत होते. आणि चूलवाला स्टेजवर माईक तपासत होता.

"चेक, चेक. नमस्कार लेखकमित्रांनो!" निनाद सर पंचविशीतले निघाले. निळा कोट, पायात मोजे नाहीत. "आज एक असं नाव, ज्यानं वयाच्या बाराव्या वर्षी आपल्या सगळ्यांना निःशब्द केलं. मनवा हसबे! आंधळा वाघ, भाग सातवा. या महिन्यातला सर्वाधिक अभिप्राय मिळवणारा भाग!"

टाळ्या. मागच्या पडद्यावर अभिप्राय सरकू लागले. काळजाला भिडणारा भाग. सर्वोत्तम. निःशब्द. डोळे पाणावले. पुढील भागाच्या प्रतीक्षेत. हसब्यांनी रुमाल काढला. मनवा शेजारी बसली होती, हात मांड्यांखाली दाबून. ती पडद्याकडं बघत नव्हती. लोकांच्या तोंडाकडं बघत होती, एकेकाच्या.

"या भागातला एक उतारा मी स्वतः वाचून दाखवणार आहे," निनाद सर म्हणाले आणि त्यांनी फोन समोर धरला. आवाज खाली आणला. "त्या किर्र रानात वाघ एकटाच उभा होता. त्याला रान दिसत नव्हतं, पण रानाला तो दिसत होता."

मी पाठ ताठ केली. हे वाक्य चांगलं होतं. टाळ्या पडल्या. टाळ्या आधीच्या वाक्यालाही पडल्या होत्या, म्हणून मी त्यांचा हिशेब धरला नाही.

"शेळीनं हळूच हाक मारली. वाघानं मान वळवली… आणि गडहिंग्लजची एसटी पकडली."

निनाद सरांची भुवई जराशी हलली. पण गाडी उतारावर होती.

"त्यानं अर्धं तिकीट काढलं. खिडकीशी बसला. गावात उतरून… दाढ काढून घेतली. दुखत होती. मग बाजारात जाऊन एक हत्ती घेतला, घासाघीस केली, आणि खिशात घालून… घालून संध्याकाळपर्यंत रानात परत आला."

इम्तियाजच्या नाकातून एक विचित्र आवाज निघाला. त्यानं दोन्ही हात तोंडावर दाबले.

मला वाटलं, आता कुणीतरी हसेल. एक जण तरी. कुणी म्हणेल, हे काय? मनवा खुर्चीच्या अगदी टोकाला आली होती.

पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली. गुलाबी साडीतल्या बाई फोनवरून मान वर न करता म्हणाल्या, "किती हळवं लिहिते ना पोरगी."

निनाद सर सावरले होते. "हत्ती! म्हणजे बघा, आयुष्याचं ओझं. आणि ते आपण खिशात घालून हिंडतो. केवढं प्रतीक!" पुन्हा टाळ्या. "मनवा मॅडम, या, दोन शब्द!"

मनवा गेली. माईक तिच्यासाठी खाली करावा लागला.

"मी एवढंच विचारते," ती म्हणाली. "हा भाग कुणी कुणी वाचलाय?"

सगळे हात वर झाले. अगदी सगळे, एका झपाट्यात. गुलाबी साडीतल्या बाईंनी तर दोन्ही केले.

"मग वाघ गावाला कशानं गेला?"

हात वरच होते. मग एकेक बोट वाकायला लागलं. लोक शेजाऱ्याकडं बघू लागले. उतारा वाचून होऊन अजून पाणी प्यायलाही वेळ गेला नव्हता. पहिल्या रांगेतले ते गृहस्थ घसा साफ करून म्हणाले, "घोड्यावरून?"

"एसटीनं!" मागून इम्तियाज ओरडला. तो खुर्चीवर उभा राहिला होता. "आणि मने, वाघाला अर्धं तिकीट कसं दिलं गं? त्यो काय बारा वर्षांच्या आतला हाय?"

मनवा हसली. कितीतरी दिवसांनी मी तिला तसं हसताना पाहिलं.

निनाद सरांनी माईक पटकन हातात घेतला. "हा हा, छान, छान संवाद! आणि आता हीरक सोहळा. हसबे साहेब, वर या. फोनवर ओटीपी आला असेल, तेवढा सांगा, लगेच ॲक्टिव्हेट करू."

हसबे वर गेले. त्यांचा रुमाल अजून हातात होता, पण डोळे कोरडे झाले होते. त्यांनी फोनकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, मग त्या कोटाकडं.

"साहेब, तुम्ही वाचला हुता का हो?"

"काय?"

"सातवा भाग. आत्ता वाचलासा, त्याच्या आधी."

"हसबे साहेब, रोज हजारो कथा येतात. आमची सिस्टीम वाचते सगळं. सिस्टीमच निवडते."

"असं व्हय." हसब्यांनी फोन खिशात टाकला. "मग वर्गणीबी त्या सिस्टीमकडनंच घ्या की."

आता मात्र काही लोक हसले. निनाद सर हसले नाहीत. ते माईक बाजूला धरून, हळू आवाजात बोलले. पण मी पुढंच होते, मला ऐकू आलं. "विचार करा साहेब. सुवर्णची मुदत संपलीय, मेळाव्यापुरतंच चालू ठेवलंय. सगळे भाग विश्रांती कक्षात जातील. मुलीची एवढी मेहनत. परत मिळणार नाही, बघा."

हसब्यांचा हात खिशाकडं जाऊन थबकला. जळालेली मोटर पुन्हा चालू करणारा माणूस. हातातलं काही वाया जाऊ देणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्यांनी मुलीकडं पाहिलं.

"मने, तुझं हाय ते. तू सांग."

पडद्यावर अजून तिचं नाव होतं. खाली मोरपीस, पिवळं. त्याखाली अभिप्राय सरकत होते, आत्ताचे, ताजे, त्याच सभागृहातून आलेले. अप्रतिम भाग. निःशब्द. मनवा ते बघत उभी राहिली. आंधळा वाघ, त्याची शेळी, रानाला तो दिसत होता हे वाक्य. सगळं त्या काचेच्या आत होतं.

"ऱ्हाऊ दे बाबा," ती म्हणाली. "त्यांच्याकडंच ऱ्हाऊ दे. चला."

आम्ही व्हॅनमधून परत निघालो. ऊन तिरपं झालं होतं. उसाच्या गाड्यांमागं आम्ही रेंगाळत होतो. हसबे एकदा म्हणाले, "मी गिऱ्हाइकांनाबी पाठवलं हुतं बाई. सगळ्यांनी अंगठा दाखवला. मला वाटलं वाचलं." मी म्हटलं, "दिगंबर, तुम्ही वाचत होतात ना?" ते म्हणाले, "पयले सहा वाचलं. सातवा मनीनं लपवला माझ्यापासनं." आणि मग, जरा वेळानं, "वाघाला दाढ काढायला लावली गं तू," असं म्हणून त्यांचे खांदे हलू लागले. रडतायत की काय म्हणून मी दचकून पाहिलं. ते हसत होते.

मनवा हसली नाही. मागच्या सीटवर ती खिडकीला टेकून बसली होती. लिहिलेलं सगळं गेलं की मोठ्या बाईला कसं वाटतं, ते मला सांगता आलं असतं. एका पोरीला कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. समजूत काढावी असं फार वाटलं. पण गोड शब्द तिनं गेल्या काही महिन्यांत पोटभर ऐकले होते. मी रस्त्याकडं बघत राहिले.

इम्तियाजला मात्र दम धरवेना. "म्हंजे गेलं सगळं? सात भाग? वाघ आंधळा कसा झाला ते आता कळायचंच न्हाई?"

त्यानं तिला कोपरानं ढोसलं.

"मने?"

"एक शेळी होती," मनवा काचेकडं बघतच म्हणाली. "आंधळी."

"वाघ आंधळा हुता की."

"तो त्यांच्याकडं ऱ्हायला. ही दुसरी."

"बरं. आंधळी शेळी."

"तिला रानात एक जण भेटला. म्हणाला, माझ्या आवाजामागनं ये, मी तुला वाट दाखवतो. ती निघाली. तो पुढं, ती मागं."

"कोण? वाघ?"

"वाघ."

हसब्यांनी समोरची उसाची गाडी ओलांडायची सोडून दिली आणि वेग कमी केला. आरशात त्यांचे डोळे मागच्या सीटवर लागले होते.

"आगं पण असं कसं?" इम्तियाज पुढं सरकला. "दिसत न्हाई तर न्हाई, पर वाघाचा वास येतोयच की शेळीला. लांबनंबी येतोय. तिला कळलं कसं न्हाई?"

पूल आला. तो गेला. मनवा ओठ दाबून विचार करत होती, आणि तिचे कान लाल झाले नव्हते.

मग ती खिडकीपासून वळली, इम्तियाजच्या समोर मांडी घालून बसली आणि म्हणाली, "वास येत हुता रे. पण त्यो सारखा मागं वळून तिला म्हणायचा ना, किती सुंदर चालतेस तू."